गडग्यापलीकडे टाकलेल्या फांद्या

आमच्याकडे गौर आणायला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर जातात. देवरुखच्या आतल्या बाजूला सासरचं घर आहे. मागच्या दाराने उतरलं की परसू, मग जांभ्या दगडाचा गडगा, गडग्यात अडकवलेल्या तीन पायऱ्या आणि खाली पऱ्या. भाद्रपदात त्या काठाला तेरडा असायचाच. सासूबाई तबक घेऊन पुढे, मागे आम्ही दोघी जावा. मुळांसकट उपटलेला तेरडा, दोन-चार हळदीची पानं, आणि सापडलंच तर कळलावीचं फूल. त्या फुलाला इथे गौरीचे हात म्हणतात. एवढं घेऊन वर यायचं. लग्न झाल्यापासून मी हे पाहत आले आहे.

करोनाच्या पहिल्या वर्षी पुण्याहून जाणं झालंच नाही. २०२१ च्या सप्टेंबरात गेलो, गौरीच्या दिवशी पायऱ्या उतरलो, आणि सासूबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या. समोर सगळं पिवळं होतं. झेंडूच्या लहान भावंडासारखी, सूर्यासारख्या पाकळ्यांची फुलं, खाली गुडघाभर उंचीची गच्च हिरवी गादी. दोन्ही काठ भरलेले, साकवापर्यंत. दिसायला सुंदर होतं, हे मी आजही नाकारणार नाही. पण तेरडा कुठेच नव्हता. सासूबाईंनी काठीने ती पानं बाजूला सारून पाहिली आणि म्हणाल्या, "सुनबाई, हे तू लावलंस ते ना गं?"

हो. मीच लावलं होतं ते.

२०१५ च्या जूनमध्ये. परसवाची एक बाजू उतरती आहे, आणि दरवर्षी पावसात तिथली लाल माती वाहून जायची. पुण्यातल्या एका नर्सरीत विचारलं, की जमीन धरून ठेवेल असं काही आहे का. तिथल्या माणसाने ही रोपं दिली, वीस पिशव्या. "ताई, एकदा लावा, पुन्हा बघायला नको." नाव सांगितलं सिंगापूर डेझी. कुणी नुसतंच वेडेलिया म्हणतात. पुण्यात सोसायट्यांच्या बागांत, हॉटेलांच्या दारात, रस्त्यांच्या दुभाजकांत मी ते पाहिलेलंच होतं. दोन पावसाळ्यांत उतार झाकला गेला, माती थांबली, आणि मी खूश झाले.

मग ते वाढतच गेलं. पायवाटेवर यायचं, विहिरीच्या कठड्यावर चढायचं. दिवाळीला सगळे जमायच्या आधी मी कोयतीने छाटायचे. दोन-चार घमेली निघायची. ती कुठे टाकायची? घरातला सगळा पातेरा, केळीचे सोप, नारळाची झावळं जिथे टाकतात तिथेच: गडग्यापलीकडे. तिथे टाकलेलं सगळं कुजतं, हीच आजवरची रीत. या वनस्पतीला ती रीत लागू नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. दर दिवाळीला मी माझ्या हाताने तिची लागवड पऱ्याच्या काठाला करत होते.

त्या वर्षी गौर आली ती वरच्या वाडीतून मागून आणलेल्या दोन तेरड्यांची. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग वाचायला बसले. नावात सिंगापूर असलं तरी हिचं मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग. शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. बागेत जमीन झाकायला म्हणून जगभर नेली गेली आणि बागेबाहेर पडली. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जातींची एक यादी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटाने केली आहे, तीत ही आहे. ती यादी वाचताना मी थबकले, कारण तीत ओळखीचे चेहरे बरेच निघाले. घाणेरी आहे. रानमोडी आहे. जलपर्णी आहे. सुबाभूळ आहे. देवरुखहून संगमेश्वरला जाताना रस्त्याच्या कडेने जे दिसतं त्यातलं कितीतरी त्या यादीत आहे, आणि आपण त्याला रान म्हणतो.

यातल्या घाणेरीची गोष्ट तर माझ्याच गोष्टीसारखी, फक्त दोनशे वर्षांपूर्वीची. अमेरिकेतली झुडपं युरोपातल्या बागांत गेली, तिथे माळ्यांनी त्यांचे संकर करून नवनवे रंग काढले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. कुंपणाला छान, फुलं बारा महिने, गुरं तोंड लावत नाहीत. तिथून पुढे बुलबुलांनी फळं खाल्ली आणि बिया रानोमाळ टाकल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या वाघांच्या प्रदेशातल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त भागाला घाणेरीने ग्रासल्याचं म्हटलं आहे. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठीच आणलेली. उजनीच्या पाण्यावर, पवनेवर, मुळा-मुठेवर तिचं काय झालं आहे ते पुणेकरांना मी सांगायला नको. आणि पुण्याच्या टेकड्यांवर, सिंहगडाच्या वाटेवर पावसाळा संपताना जो केशरी कॉसमॉस फुलतो, ज्यात उभं राहून लोक फोटो काढतात, तोही मूळचा मेक्सिकोकडचा, बागेतलाच. त्याच्या जागी तिथे सोनकी, तेरडा आणि साधी गवतं असायला हवीत.

सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं होतं की हा पिवळा माकाच असणार. त्यात त्यांची चूक नाही. पिवळा माका आपला, इथलाच, औषधी, ओलाव्याला वाढणारा, आणि फुलाने बराचसा तसाच. दोघांचं कुळही एकच. दक्षिण चीनमध्ये तर या दोघांचा संकर होऊन तिसरीच वनस्पती तयार झाली आहे. फरक पानात आहे. माक्याचं पान लांबट, साधं, हाताला खरखरीत. डेझीचं पान जाड, तुकतुकीत, आणि टोकाकडे दोन्ही बाजूंना एकेक कान निघालेला, म्हणजे तीन भागांचं. मी दोन्हींची पानं ताटात ठेवून सासूबाईंना दाखवली. त्यांनी अंगठ्याने चोळून पाहिली, वास घेतला, आणि उजवीकडचं पान बाजूला काढलं. "हा माका नव्हे." त्या पऱ्याच्या काठाची गोल पानांची ब्राह्मी आणि माका घालून तेल काढायच्या. पन्नास वर्षं काढलं. ब्राह्मीही त्या गादीखाली गेली होती.

२०२२ च्या मार्चमध्ये मी बँकेतून निवृत्त झाले आणि ठरवलं की हे आपणच काढायचं. पहिल्या वर्षी मी जे केलं ते कुणी करू नये म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते. जूनमध्ये दोन पाऊस झाले, माती मऊ झाली, मुळं सहज सुटतात म्हणून खालच्या वाडीतल्या दोघींना घेऊन मी उपटायला सुरुवात केली. चार दिवसांत साकवाजवळचा काठ मोकळा झाला. उपटलेलं तिथेच काठावर रचलं, म्हटलं वाळेल. जूनमध्ये कोकणात काय वाळणार? आठवड्यात ढिगाला नवे कोंब आले. मग मोठा पाऊस झाला, पऱ्या चढला, आणि अर्धा ढीग वाहून गेला. गणपतीत साकवाच्या खाली, जिथे आधी एकही रोप नव्हतं, तिथे पाच ठिकाणी पिवळी फुलं होती. खालच्या शेतवाल्या भावजींनी बांधावरून हाक मारून विचारलं, "वहिनी, हे तुमच्याकडचंच ना?" त्यांच्या बांधालाही लागलं होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा एक फांदी नीट हातात घेतली. ती जमिनीवर सरपटते, तांबूस, लुसलुशीत, बारीक केसांची. दर पाच-सहा बोटांवर एक गाठ. गाठीला समोरासमोर दोन पानं आणि खालून पांढऱ्या मुळांचा झुबका. हातभर फांदीला सात गाठी मोजल्या. पाचांनी माती धरली होती, उरलेल्या दोघींना मुळांची पांढरी टोकं आलीच होती. एक गाठ कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून, पानंही खुडून, पणतीत ओल्या मातीवर ठेवली आणि पणती न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. नवव्या दिवशी हिरवा कोंब. म्हणजे हातभर फांदी म्हणजे सात रोपं. माझं एक घमेलं म्हणजे किती, याचा हिशोब बँकेत जन्म काढलेल्या मला करता येत होता, पण केला नाही. बियांवर ही वनस्पती फारशी अवलंबून नाही. तिला कोयती पुरते. आपण छाटतो, ती वाढते.

सगळी पद्धत त्या पणतीवरून बदलली.

आधी घरची मूळ लागवड. पऱ्यातलं काढत बसायचं आणि वर परसवात ती जिवंत ठेवायची, याला अर्थ नाही. ती मी त्याच ऑक्टोबरात उपटली, आणि मार्चमध्ये जे पुन्हा फुटलं त्यावर काळं जाड प्लॅस्टिक अंथरून कडेला दगड ठेवले. एप्रिल-मेच्या उन्हात खालचं सगळं मेलं. मग उताराला गवती चहा आणि वाळा लावला. माती थांबायला एवढं पुरलं असतं. २०१५ मध्येही पुरलं असतं.

पऱ्याचं काम पाऊस ओसरताना, भातकापणीच्या आधी धरलं. तेव्हा माती अजून ओली असते, मुळं तुटत नाहीत, आणि वर ऊन कडक असतं. सुरुवात वरून, प्रवाहाच्या दिशेने खाली. हे महत्त्वाचं, कारण निसटलेला तुकडा खालीच जातो. खालून सुरू केलं तर साफ केलेल्या जागेवर वरून पुन्हा लागवड होते. कडेला बसायचं, खुरप्याने कड मोकळी करायची आणि सतरंजी गुंडाळावी तशी ती गादी गुंडाळत आत जायचं. खालची जमीन पहिल्यांदा दिसली तेव्हा कसंसंच झालं. पांढुरकी, दमट, नुसत्या मुळांच्या जाळ्याची. एक गोगलगाय होती. तेरड्याचं, ब्राह्मीचं, साध्या हरळीचंही पान नव्हतं.

गुंडाळी काढली की त्या जागेवर दुसरीने बसून हाताने माती चाळायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि खरं काम हेच आहे. बोटभर तुकडा राहिला तरी तो पंधरा दिवसांत दिसतो. निघालेलं सगळं सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत भरायचं. ओढत न्यायचं नाही, वाटेत सांडतं. पिशव्या डोक्यावरून वर कातळावर. उघड्या कातळावर पातळ पसरायचं आणि दोन-तीन दिवसांनी बेडग्याने उलटायचं. एका ठिकाणी आम्ही कंटाळून जाड थर दिला होता, तर महिन्याने वरचं कुरकुरीत आणि तळाचं हिरवंगार. फांदी बोटांत मोडून तडकली तरच मेली. पुढे ते सगळं भाजावळीत, म्हणजे शेत भाजायच्या जाळात गेलं. खतखड्ड्यात घातलं नाही, कुणी घालूही नये.

पहिल्या वर्षी ६३ पिशव्या. दुसऱ्या वर्षी १९. तिसऱ्या वर्षी ७. यंदा दीड.

दुकानात तणनाशक घ्यायला अनेकांनी सुचवलं. आंबा-काजूच्या बागांत सर्रास मारतात, दोन पंपांत काम होईल म्हणाले. पण पऱ्याच्या पाण्यावर खाली तीन विहिरी आहेत, पाण्यात खेकडे आहेत, बेडूक आहेत, मुलं मळ्ये धरतात. माझी चूक निस्तरायला मी त्या पाण्यात काही ओतणार नव्हते.

हात लावायला मजुरी लागते हे खरं. आम्ही चौघी-पाचजणी असायचो, मजुरी मी दिली, दुपारचं जेवण आमच्याकडे. पेन्शनीतून देणं मला जड गेलं नाही, पण सगळ्यांना ते जमणार नाही हे मला कळतं. म्हणूनच शहरातून गावी रोपं नेणाऱ्या माझ्यासारख्यांना मी हे सांगते आहे. भरपाई करायची वेळ येते तेव्हा पैसा आणि पाठ दोन्ही लागतात.

मोकळी जागा मोकळी राहत नाही, हे पुढच्या पावसात कळलं. डेझी गेली तिथे रानमोडीची रोपं भराभर उगवली. ती लहान असतानाच दोन बोटांनी उपटून निघतात, म्हणून श्रावणात रोज सकाळी एक फेरी. कातळाकडच्या बाजूला घाणेरीची जुनी खोडं होती. ती वरून तोडली की दुपटीने फुटतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटमध्ये वापरलेली युक्ती आम्ही केली: जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं. फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथून, आणि तोच भाग बाहेर पडतो. सव्वीस झुडपांपैकी दोन पुन्हा फुटली. तिथे आमची कुदळ वरच लागली होती. शिवाय पाखरं बसतात त्या झाडांखाली नवी रोपं शोधायची, कारण बी तिथेच पडतं. आमच्याकडे ती जागा म्हणजे ऐनाच्या झाडाखालची.

लावलंही. पऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे डेझी पोचली नव्हती, तिथून ब्राह्मीचे वेल आणले. पेव्याचे कंद जावेने तिच्या माहेराहून पाठवले. तेरड्याचं बी वरच्या वाडीतून. पिकलेली बोंडं हात लागताच फुटतात, म्हणून ओल्या फडक्यात धरून खुडायची, हे सासूबाईंनी शिकवलं. खुर्ची मागच्या दारात टाकून त्या सगळं पाहायच्या आणि तिथून सांगायच्या, डावीकडे राहिलंय, त्या दगडामागे बघ.

मला बरेचजण म्हणतात, अहो, पण त्या पिवळ्या फुलांवर फुलपाखरं किती येतात. येतात, मीही पाहिली आहेत. घाणेरीवरही येतात. पण फुलपाखराला नुसता मध पुरत नाही. त्याचा सुरवंट ठरावीक झाडांचीच पानं खातो, आणि ती झाडं या गादीखाली गुदमरतात. मध प्यायला शंभर आली आणि अंडी घालायला जागाच नसेल तर पुढच्या वर्षी कोण येणार? आमच्या काठावर तेरडा परतल्यावर त्याच्या पानांवर शेपटीला काटा असलेले जाड, डोळ्यांसारख्या ठिपक्यांचे सुरवंट दिसले. ते पतंगाचे होते. सासूबाईंनी ओळखले. तेरड्याला हे असतातच, म्हणाल्या.

नर्सरीवाल्यांवर मी राग धरत नाही. लोक मागतात ते ते ठेवतात. पण रोपाच्या पिशवीवर भाव असतो, ऊन किती, पाणी किती हे असतं. ही जंगलात सुटते, छाटणी बाहेर टाकू नका, एवढी एक ओळ का नसावी? ही वनस्पती नदीनाल्याजवळच्या घरांना विकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. जमीन झाकायला ब्राह्मी आहे, पिवळा माका आहे, हरळी आहे. त्या मागून पाहा, क्वचितच कुठे मिळतील.

यंदाच्या गौरीला सासूबाईंना पायऱ्या उतरवल्या नाहीत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. गडग्याजवळ खुर्ची ठेवली. मी आणि जाऊ खाली गेलो. काठावर तेरड्याची सोळा रोपं मोजली. पाचच घेतली, बाकीची बियांसाठी ठेवली. गौरीचे हात मिळाले नाहीत. वर आलो तेव्हा सासूबाईंनी तबकातला तेरडा उचलून मुळं पाहिली, मातीसकट आहेत ना म्हणून, आणि मग आमच्या पायांवर पाणी घातलं.

परतताना दुसऱ्या पायरीच्या सांदीत एक तुकतुकीत, तीन कानांचं पान दिसलं होतं. हातात तबक होतं म्हणून तेव्हा थांबले नाही. गौरी जेवल्यावर, संध्याकाळी, खुरपं घेऊन जाऊन काढलं. दगडामागे बोटभर गाठ होती, मुळं चार.

भातकापणीच्या आधी एक फेरी साकवाच्या खालच्या अंगाला करायची आहे, भावजींच्या बांधापर्यंत. देवरुख परिसरातलं कुणी येणार असेल तर सकाळी सातला या, उन्हाच्या आत दोन तास होतात. खुरपं आणा. पिशव्या आणि चहा आमच्याकडे.